कडी आमच्या बाजूला

आमच्या घराच्या वॉल कंपाउंडला दोन फाटकं आहेत. एक रस्त्यावर उघडतं. त्यातून आम्ही जातो-येतो, दूधवाला येतो, टपाल येतं. दुसरं बाजूच्या भिंतीत आहे आणि ते थेट शेजाऱ्यांच्या अंगणात उघडतं. नवीन माणूस घरी आला की चहा पिता पिता त्याची नजर त्या फाटकावर जाते आणि तो विचारतो, "हे कशाला हो?" मी सांगतो, "मंजूर नकाशात आहे." एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. सरकारी शिक्का म्हटला की माणसं पुढचं विचारत नाहीत. मीही विचारत नसे, आणि मी तर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होतो. नागरिकांचे हक्क हा धडा मी इतका रंगवून सांगायचो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची. प्रत्यक्षात कुठल्याही ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला की मी आल्या पावली मागे फिरायचो.

ते फाटक लांजेवारजींचं. म्हणजे भिंत माझी, परवानगी माझ्या नावाची, आणि फाटक त्यांचं.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या दक्षिणेला शेतांचे लेआउट, म्हणजे घरांचे प्लॉट, पडत होते, तेव्हा आम्ही तिथे दोन खोल्या आणि एक व्हरांडा उभा केला. आजूबाजूला चार-सहा घरं, बाकी काळी माती आणि बाभळी. कुणाची हद्द कुठे संपते हे सांगायला कोपऱ्यांवर दगड रोवलेले, आणि पावसाळ्यात माती फुगली की तेही कलंडायचे. आमच्या शेजारचा प्लॉट लांजेवारजींचा. मूळचे रामटेककडच्या एका खेड्यातले, उमर गेली खापरखेड्याच्या वीजघरात, यंत्रांच्या बाजूला. निवृत्त होऊन इथे आले ते बायको गिरजाबाई आणि चंद्री नावाची गाय घेऊन. अंगात कायम नोकरीतला खाकी शर्ट, खाली पांढरा पायजमा. आणि आवाज असा, की ते आपल्या अंगणात "चहा झाला काय वं?" म्हणाले की आमच्या घरात सुमन, म्हणजे माझी बायको, दचकून "हो" म्हणायची.

रोज सकाळी ते आमच्या अंगणातून रस्त्याकडे जात. त्यांच्या घरापुढून रस्ता होताच, पण आमच्याकडून पाच-दहा पावलं वाचत असावीत. जाताना व्हरांड्याशी थांबून विचारत, "गुरुजी, उठले काय?" मी हायस्कुलातला मास्तर, मुलं मला सर म्हणत, पण लांजेवारजींच्या लेखी शिकवणारा माणूस म्हणजे गुरुजी. प्रश्न विचारला की ते उत्तरासाठी थांबत नसत. मी आतून काही म्हणेपर्यंत त्यांचा पुढचा प्रश्न आलेला असे. "आज भाजी काय हाये?" "पोरं शिकून राहिले की नाही?" हा माणूस आपलं काही ऐकूनच घेत नाही, असं मी सुमनला चिडून सांगायचो. ती म्हणायची, "तुम्ही तरी कुठे कुणाचं ऐकता?"

मला तेव्हा गुलाबांचं वेड लागलं होतं. वेड म्हणजे पुस्तकं वाचून लागलेलं. कलमं आणली, खत आणलं, प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावली. चंद्रीला पाट्यांमध्ये रस नव्हता. ती कोवळे शेंडे तेवढे खायची, तेही नवी कळी धरली की. मी शाळेतून यावं तर कुंड्यांमध्ये काड्या आणि वर माझ्या हस्ताक्षरातल्या पाट्या उभ्या. सुमन म्हणाली, "स्मशानासारखं दिसतंय." त्याच रविवारी मी ठरवलं की आता भिंत घालायची.

आणि भिंत घालायची तर रीतसर परवानगी काढायची. नागरिकशास्त्राचा मास्तर बिनपरवानगीची भिंत घालतो हे मुलांना कळलं तर मी उद्या कुठल्या तोंडानं शिकवणार? अर्ज मी स्वतः लिहिला. 'कुंपणभिंत बांधण्यास अनुमती मिळणेबाबत' असा विषय टाकला आणि कारणाच्या जागी लेखणी मोकळी सोडली. "शेजारील गृहस्थांच्या मालकीचे जनावर वारंवार व बेमुर्वतपणे आमच्या आवारात प्रवेश करून जोपासलेल्या वनस्पतींचा विध्वंस करीत असून, सदर गृहस्थ त्याबाबत पूर्णतः उदासीन आहेत." पानभर असंच होतं. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. मग शाळेतल्या एका सहकाऱ्यानं अर्ज पाहून सांगितलं, की सामाईक हद्दीवर भिंत असेल तर त्याच अर्जाखाली शेजाऱ्याची सही लागते, 'हरकत नाही' म्हणून.

मी दुसरा अर्ज लिहू शकलो असतो. तेवढं सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत लांजेवारजी व्हरांड्यात येऊन बसलेही होते. सुमननं त्यांना सांगून टाकलं होतं की यांना तुमची सही पाहिजे. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. त्यांना दुसरी कुठली पद्धत येतच नव्हती. "सदर गृहस्थ... त्याबाबत... पूर्णतः..." समोरच्या घरातली मंडळी कुंपण नसलेल्या आपल्या अंगणात येऊन उभी राहिली. मी चहाच्या कपाच्या कानाकडे बघत बसलो. वाचून झाल्यावर लांजेवारजींनी चष्मा काढला, थोडा विचार केला आणि म्हणाले,

"एक राहून गेलं, गुरुजी."

"काय?"

"परवा तिनं मोगरा बी खाल्ला. थे बी लिवा. अर्ज कसा पुरा पाहिजे."

आणि खाली सही केली. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'वरील मजकूर खरा आहे.'

मग मी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. म्हणजे दारापर्यंत गेलो. दारातल्या चपराश्यानं विचारलं, "काय काम आहे?" मी म्हणालो, "काही नाही," आणि परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आत शिरलो, एका बाबूच्या टेबलासमोर बराच वेळ उभा राहिलो, आणि त्यानं मान वर केल्यावर घड्याळात किती वाजले ते विचारून बाहेर पडलो. घरी येऊन साहेब रजेवर आहेत असं सांगितलं. हे लांजेवारजींच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. सकाळी व्हरांड्याशी उभे राहून म्हणाले, "लाजून राहिले काय, गुरुजी? काहून भेता? आना तो कागद, मी जातो."

आपल्याच गाईच्या विरोधातला अर्ज घेऊन ते निघाले. मी त्यांना अडवायला हवं होतं. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

त्यांची काम करायची तऱ्हा अशी, की ते ऑफिसात जाऊन बसत. काम विचारत नसत. भिंतीकडेच्या बाकावर बसायचं, दुपारी डबा उघडायचा, गिरजाबाईंनी केलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, शेजारच्या बाबूला द्यायची, त्याच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारायचं. उन्हाळा कडक होता. ते रोज जात आणि संध्याकाळी समाधानानं परत येत. मी विचारत असे, "काय झालं आपल्या कामाचं?" ते म्हणत, "चांगले लोक हायेत, गुरुजी. कूलर बी नवा हाये." बरेच दिवसांनी एकदा आमच्या लेआउटमध्ये नळाचे पाईप घेऊन माणसं आली. आम्ही सगळे थक्क. तेव्हा कुठे उलगडा झाला की लांजेवारजी इतके दिवस नळखात्यात बसत होते. बांधकामाचं खातं वरच्या मजल्यावर होतं, पण तिथला कूलर बिघडलेला होता. माझ्या भिंतीचा अर्ज त्यांच्या खिशातच होता, घामानं मऊ झालेला.

"नळ तं आला ना?" ते म्हणाले. तेही खरंच होतं. सगळं लेआउट त्यांना दुवा देत होतं, आणि मी एकटा गुलाबांच्या काड्यांपुढे उभा.

दुसऱ्या दिवसापासून ते वरच्या मजल्यावर बसू लागले. इकडे माझा धीर सुटला आणि एका सुट्टीच्या दिवशी मी बोरीच्या काट्यांच्या फांद्या आणून हद्दीवर रचल्या. तात्पुरतं कुंपण. हात रक्तबंबाळ झाले, पण चंद्री पलीकडे उभी राहून नुसती बघत राहिली तेव्हा धन्य वाटलं. संध्याकाळी लांजेवारजी आले. काटे पाहून त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाबरलो.

"अर्ज दिला हाये ना, गुरुजी?"

"हो, पण मंजुरी येईपर्यंत..."

"मंजुरी येईस्तोवर काडी बी रोवायची नाही. कायदा हाये." आणि स्वतःच्या हातानं एकेक फांदी उचलून त्यांनी बाजूला टाकली. मी कायद्याचा माणूस, काय बोलणार? चंद्री कायदेशीरपणे आत आली.

मला वाटलं, ही चलाखी आहे. तसं नव्हतं, हे पुढच्या आठवड्यात कळलं. नकाशा लागेल असं बाबूनं सांगितलं म्हणून आम्ही दोघं सीताबर्डीला नकाशे काढून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो होतो. त्यानं माझ्या प्लॉटची चौकट आखली, हद्दीवर भिंतीची दुहेरी रेघ ओढली. लांजेवारजी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं एक फाटक टाका."

नकाशेवाला मान वर करून म्हणाला, "पण हे तर शेजाऱ्याकडे उघडेल."

"शेजारी मीच हावो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "टाकू, सर?" नाही म्हणायची सोन्यासारखी संधी होती. माझ्या तोंडात नेमकं बिस्कीट होतं. मी मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. लांजेवारजी खिडकीशी बसले आणि पहिल्यांदाच हळू बोलले, म्हणजे फक्त पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल इतकं. गावी त्यांचं आणि थोरल्या भावाचं धानाचं शेत लागून होतं. मधे धुरा, म्हणजे दोघांच्या शेतांमधला बांध. काहीतरी कुरबूर झाली, काय ते आता त्यांना आठवतही नव्हतं, आणि भावानं एका दिवशी धुऱ्यावर बोरीचे काटे टाकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणूस जाईल एवढी वाटसुद्धा ठेवली नाही.

"मले वाटलं तो काढन. त्याले वाटलं मी काढन. काटे कोणं काढाचे याचाच फैसला झाला नाही, गुरुजी. मी खापरखेड्याले होतो तवा तो गेला. मले कोणं सांगतलं, तं बाजारात भेटलेल्या माणसानं." मग म्हणाले, "भित घाला तुमी. गाय लई तरास देते, मले समजते. फक्त वाट ठिवा."

मी खिडकीबाहेर बघत होतो. मला माझ्या अर्जातला 'उदासीन' हा शब्द आठवत होता आणि बस लवकर पोचावी असं वाटत होतं. घरी सुमननं नकाशा बघून कपाळाला हात लावला. "गाय अडवायला भिंत आणि गाईच्या मालकाला फाटक?" मी म्हणालो, "ते मंजुरीत काय होतं ते बघू." मनात मला वाटत होतं की ऑफिसच ते उडवून लावील, आणि मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच इतरांनी उडवून लावले आहेत.

जागेचा मोका पाहायला ओव्हरसिअर आला. लांजेवारजींनी त्याला आपल्या घरची खुर्ची आणून दिली, गिरजाबाईंनी तर्री पोहे आणले. चंद्रीला लपवायला कुणाला सुचलं नव्हतं. ती माझ्या शेवटच्या गुलाबापाशी उभी होती. ओव्हरसिअरनं फीत धरून मोजमाप घेतलं, मांडीवर नकाशा पसरला आणि खिशातून लाल पेन्सिल काढली.

"सर, हे मधलं फाटक कशाला? प्लॉट वेगळे, मालक वेगळे. उद्या तुमचं भांडण झालं की तक्रार आमच्या टेबलावर येते. हे खोडू या. भिंत सरळ घ्या, लगेच मंजूर होऊन जाईल."

लाल पेन्सिल त्या जागेवर टेकली. मी लांजेवारजींकडे पाहिलं. आता ते गरजतील, हसतील, त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारतील असं वाटलं. ते पेन्सिलीच्या टोकाकडे बघत उभे राहिले. त्यांचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते मला सहन झालं नाही.

"राहू द्या, साहेब," मी म्हणालो. आवाज इतका चिरका निघाला की सुमन आतून बाहेर आली.

"कशाला पण?"

याचं कारण नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, "घरचेच आहेत."

ओव्हरसिअरनं फाईल उलटली. "घरचे? अहो, तुमच्या अर्जात तर यांच्या गाईबद्दल पानभर लिहिलंय."

"हो," मी म्हणालो. "गाय सोडून."

तो इतका हसला की पोह्याची बशी कलंडली. मग म्हणाला, लिहून द्या तसं. मी लिहून दिलं. तो गेल्यावर मी माठातलं पाणी दोन पेले गटागटा प्यालो. लांजेवारजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय म्हने साहेब?"

"राहिलं फाटक," मी पेला ठेवत म्हणालो.

"काय म्हने?"

मी तोंड त्यांच्याकडे करून पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते पोचलं. गिरजाबाई सुमनला म्हणाल्या, "त्यायले ऐकू येत नाही वं कवाचं. मिशनीनं कान नेले. तोंड पाहून समजून घेतेत. कोनाले सांगू देत नाहीत." इतकी वर्षं हा माणूस माझं ऐकून घेत नाही अशी माझी तक्रार होती, आणि त्यात तसं काही खोटं नव्हतं.

भिंत झाली. मंजूर नकाशाप्रमाणेच झाली पाहिजे म्हणून लांजेवारजी गवंड्याच्या डोक्यावर उभे राहिले. फाटक बसवायच्या दिवशी लोहारानं विचारलं, कडी कुठल्या बाजूनं? मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "गुरुजींच्या बाजूनं."

"अहो, मग तुम्हाला उघडता कसं येणार?" मी विचारलं.

"भित तुमची, मंजुरी तुमची. मी इचारून येईन."

आणि आले. भिंत नव्हती तेव्हा कधीही, कुठूनही आमच्या अंगणात शिरणारा हा माणूस, भिंत झाल्यावर एकदाही न विचारता आत आला नाही. सकाळी फाटकापाशी उभे राहायचे आणि आवाज द्यायचे, "गुरुजी, येऊ काय?" अख्खं लेआउट जागं व्हायचं. माझं "या" त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून मला उठून समोर जावं लागे आणि हातानं 'या' अशी खूण करावी लागे. मग ते आत येत आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून चहा घेत. पुष्कळदा त्यांच्या मागून चंद्रीही येई. तिला खुणेची गरज नव्हती. गुलाब मला शेवटपर्यंत साधले नाहीत; त्याचं खापर मी आता गाईवर फोडत नाही.

पुढे कंटाळून मी कडी लावायचं सोडून दिलं. फाटक नुसतं लोटलेलं असे. तरी ते पलीकडे उभे राहत. वाऱ्यानं फाटक हलून उघडलं तरी उंबऱ्यापाशी थांबत, मी दिसेपर्यंत.

अशी बरीच वर्षं गेली. चंद्री गेली. मग गिरजाबाई गेल्या. त्यानंतर लांजेवारजींचा आवाज कमी झाला. सुमनला ते सहन होईना. ती स्वतःच सकाळी फाटकाशी जाऊन उभी राही. शेवटी त्यांचा मुलगा भिलाईहून आला आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. घर भाड्यानं जाणार होतं.

त्या दिवशी रस्त्यावर रिक्षा उभी होती, मुलगा सामान ठेवत होता. लांजेवारजी फाटकाशी आले. खाकी शर्ट धुऊन घातला होता. मी समोर गेलो.

"निघू काय, गुरुजी?"

आयुष्यभर मी कुणाला कसली परवानगी दिली नव्हती, आणि आता माझ्या दारात एक माणूस ती मागत उभा होता. 'निघा' कसं सांगायचं याची खूण मला माहीत नव्हती. माझ्या हाताला एकच खूण येत होती. मी ती केली. या.

ते हसले आणि आत आले. पायरीवर बसले. सुमननं चहा ठेवला. मुलगा रिक्षातून दोनदा ओरडला, पण त्याचं ओरडणं त्यांना ऐकू येत नव्हतं आणि आम्ही ते त्यांना सांगितलं नाही. चहा सावकाश संपला. मग ते उठले, आपल्याच फाटकातून पलीकडे गेले, फाटक ओढून घेतलं आणि तिथेच उभे राहिले.

"कडी लावून घ्या आता," ते म्हणाले. "नवीन लोकायचं काय सांगता येते."

मी हात कडीवर ठेवला. ते बघत होते. काम पुरं झाल्याशिवाय हलणारा माणूस नव्हताच तो. मी कडी उचलली, हलवली, जोरात वाजवली आणि होती तशी उघडीच सोडून दिली. ती आमच्या बाजूला होती; लागली की नाही हे त्यांना कळायचा काही मार्ग नव्हता. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि रिक्षाकडे चालू लागले.

कडी अजून तशीच आहे.